टोपलीतलं एक खोटं

मुलचेरा, २ जून २०२४

सेवा जोहार मोना,

अहेरीच्या कॉलेजात ठरवलेला नियम मी अजून पाळते. मी तुझ्या घरचा नमस्कार घालायचा, तू माझ्या घरचा. परवाच्या मेलमध्ये तू मात्र नुसतं 'हाय' लिहिलंस. फिनलंडला दोन वर्षं काढली की माणूस असा होतो का?

मुद्द्यावर येते. तू म्हणतेस, 'मोनालीची टोपली' हा ब्लॉग आता बंद करते, कारण आकडा सांगतो की वाचणारे चार. त्यातली एक मी, एक तू स्वतः, आणि उरलेले दोघे चुकून आलेले. हे वाचून मी एवढ्या जोरात हसले की सेंटरवर जातीचा दाखला काढायला आलेल्या माणसाला वाटलं, त्याच्या फोटोला हसले.

अगं बाई, तुझा आकडा वेडा आहे. दोन वर्षं तुला सांगितलं नाही ते आज सांगते. माझं ऑनलाइन सेंटर अब्बांच्या शिलाईच्या दुकानातच आहे, हे तुला माहीत आहे. तू टोपलीत नवीन काही टाकलंस की मी ते छापून घेते. बाजाराच्या दिवशी दुपारी अब्बा मशीन थांबवतात, चष्मा सदऱ्याला पुसतात आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचतात. ऐकायला कोण असतं म्हणतेस? तुझ्या येरमटोल्याचे अर्धे लोक. मागच्या वेळी मी मोजले, एकतीस. शेजारच्या बंगाली निर्वासितांच्या गावातला मासेवाला पाटी खाली ठेवून बसतो आणि दर वेळी विचारतो, तिकडे कोणती मच्छी मिळते ते का लिहीत नाही ही? तू बर्फावर घसरून प्रोफेसरबाईंच्या पायांशी पडलीस, ते अब्बांना तीनदा वाचावं लागलं. तुझ्या गावचे मुखरूकाका डोळे पुसत म्हणाले, "जंगलात जन्मली न् जंगल शिकाले इमानात बसून गेली. पडन नाई तं काय!"

आणि सुकलूकाका. तुझे बाबा सगळ्यांत मागे, कपाटाला टेकून बसतात. हसत नाहीत, बोलत नाहीत. वाचन संपलं की छापलेला कागद मागून घेतात. वाचता येत नाही त्यांना, म्हणून फोटोच बघत बसतात, कागद डोळ्यांजवळ नेऊन. मग चार घड्या घालून खिशात. काकू सांगत होत्या, घरी टिनाच्या पेटीत सगळ्या टोपल्या आहेत.

तुला आधी सांगितलं असतं तर तू साजूक लिहायला लागली असतीस. आता बंद करायची भाषा करतेस म्हणून सांगावं लागलं. चार नाही, एकतीस. वर मासेवाला.

तुझी
जोया

•

२१ जून २०२४

सलाम जोया,

घे, सलाम पोचला. एक जास्तीचा लावून ठेव, पुन्हा विसरले तर वळता करून घे.

तुझं पत्र वाचून मी आधी खूप आनंदले आणि मग घाबरले. एकतीस! आणि त्यात मुखरूकाका! लहानपणी त्यांच्या मोहाखालची ओंजळभर फुलं वेचली म्हणून त्यांनी मला कानाला धरून घरी आणलं होतं. त्यांच्यासमोर मी पायमोजे शिजवल्याची गोष्ट वाचली गेली? (ते भांडं कपडे उकळायचं नव्हतं, हे मला कुणी सांगितलं होतं?) आता लिहायला बसले की ती एकतीस माणसं माझ्या टेबलावर येऊन बसतील.

पण खरं सांगू, बरं वाटलं. इथे सगळं छान आहे गं. काम छान, माणसं कमी बोलणारी पण भली. फक्त हसायला सोबत नसते. विनोद सुचला की मी आजूबाजूला बघते आणि मग टोपलीत टाकते.

तुला एल्लीबाईंबद्दल सांगायचं राहिलं. मी ज्यांच्या घरात वरची खोली घेऊन राहते त्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण जंगलात माझ्या पुढे चालतात आणि मध्येच थांबून माझी वाट बघतात, त्याचा मला फार राग येतो. त्यांनी मला इथला कायदा सांगितला. जंगल कुणाचंही असो, रानफळं कुणीही वेचावीत, विचारायचं काम नाही. मी म्हटलं, आमच्याकडे सरकारी जंगलातल्या मोहालासुद्धा घर ठरलेलं असतं. हे झाड नैतामांचं, ते मडावींचं. दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेलं फूलही कुणी उचलत नाही. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग तुमच्याकडे झाडांना माणसं ओळखता येत असतील."

जुलैच्या शेवटी निळी फळं पिकतात. जांभळाच्या धाकट्या बहिणी म्हण. एल्लीबाई मला घेऊन जाणार आहेत. त्यावर एक टोपली नक्की, खास मुखरूकाकांसाठी. मासेवाल्याला सांग, इथला मासा खारवलेला असतो आणि त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

मोना

•

मुलचेरा, ११ ऑगस्ट २०२४

सेवा जोहार मोना,

हे पत्र तीनदा लिहून खोडलं. आता सरळ लिहिते.

तुझी निळ्या फळांची टोपली गेल्या बाजारी वाचली. अब्बांनी काय वाचली! तुझे डास, एल्लीबाईंचं ते दात्यांचं फळं ओरबाडायचं यंत्र, आणि तू बादलीत कमी आणि चिखलात जास्त. लोक लोळत होते. मग ही ओळ आली. तुझीच आहे, पण पुन्हा वाच:

'आमच्याकडे रानातलं कोणतंही नवं फळ, नवं धान्य पंडुम झाल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. आधी रानाच्या देवाला, मग माणसाला. गावात हा पंडुम करणारे गायता म्हणजे माझे बाबाच. पण मंडळी, मी पंडुम-बिंडुम सगळं मुलचेऱ्याला ठेवून आले! पहिलंच फळ तोडलं ते थेट तोंडात. मग दुसरं, मग ओंजळ. ओठ निळे, जीभ निळी, देव बघतच राहिला.'

अब्बा वाचून गेले आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. मासेवाला एकटाच हसत होता, त्यालाही कळेना आपण एकटेच का हसतोय. मुखरूकाका उठले आणि छत्री घेऊन निघून गेले.

दोन दिवसांनी येरमटोल्यात बैठक बसली. अब्बांना बोलावणं होतं, वाचणारा म्हणून. मी मागे उभी राहिले. मुखरूकाका वाईट बोलले नाहीत हं. पूजेत ते सुकलूकाकांच्या शेजारी बसून सामान हातात देतात, त्यांना हे बोलणं जड जात होतं. म्हणाले, "दुसऱ्या घरची पोट्टी असती तं हसून सोडलं असतं. पन गायताच्या घरानं नियम मोडला न् वरून लिवून जगाले सांगतलं, तं गाव काऊन पाळन? यंदाचा नव्या धानाचा पंडुम सुकलूच्या हातानं कसा करावं, सांगा तुमीच."

कुणी म्हणालं, तिकडचं रान परकं, तिथे आपला नियम लागत नाही. अब्बांनी आपलं उदाहरण दिलं. माझा मामेभाऊ दुबईला आहे, त्याची ईद आमच्या एक दिवस आधी होते, कारण तिकडचा चांद तिकडचा. पण रोजे तर तो ठेवतोच ना, असं एक म्हातारी म्हणाली. मी म्हटलं, ती मस्करीत लिहिते. तर मुखरूकाका म्हणाले, "मस्करी रायते तं रायते. पन खाल्लं का नाई खाल्लं?"

मग सगळ्यांनी तुझ्या बाबांकडे पाहिलं. काका एवढंच म्हणाले, "तिचं तिले सांगू द्या." आणि खिशातला तो छापलेला कागद वरूनच चाचपला. तसं खाली मान घालून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मोना, मला वाटतं त्यांना फार लागलंय.

पंडुम सप्टेंबरात, हलका धान निसवला, लोंब्या आल्या की. तोवर तुझं काही आलं नाही तर यंदा मुखरूकाका पूजा करतील. तुझ्या आजोबांपासून हे तुमच्या घरी आहे. मी जाहीर वाचन सुरू केलं नसतं तर हे झालंच नसतं. रागव माझ्यावर, पण काहीतरी लिही.

जोया

•

१४ ऑगस्ट २०२४

जोया,

सलाम नंतर. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

माझ्या ब्लॉगवर गावाची बैठक! मी लिहिते चार लोकांसाठी, तू ते एकतीस जणांना ऐकवतेस, एकतीसचं गाव होतं आणि गाव मला विचारतं, खाल्लं का नाही खाल्लं. उद्या विचारतील आंघोळ कधी केली. विनोद म्हणजे विनोद असतो. त्याची साक्ष काढायची नसते. मी काय खाल्लं आणि काय नाही हा माझा प्रश्न आहे.

तुला दोष देत नाही. हात दाखवून अवलक्षण मीच केलं. आता कानाला खडा. टोपली बंद. खरंच बंद, चारची असो की एकतीसची.

बाबांना काल फोन लावला. नेहमीच्या टेकडीवर चढून बोलत होते, नेटवर्क तिथेच येतं ना. मला वाटलं, रागावतील, विचारतील. छे! पाऊस चांगला आहे, तांबडा बैल लंगडत होता तो बरा झाला, आईनं रानभाजीची काटवलं ठेवली आहेत वाळवून, कुणी येणार असेल तर पाठवतो. शेवटी म्हणाले, "तब्येतीले जप. लिवून राह्यली ना?" मी 'हो' म्हटलं. म्हणजे तेही खोटंच.

रागावले असतील तर मला सरळ का बोलत नाहीत? तू भेटतेस ना त्यांना? नेमकं काय म्हणतात, एक अक्षर न गाळता कळव. माझ्यामुळे बाबांच्या हातातून पूजा गेली, ही गोष्ट मला इथे बसून सहन व्हायची नाही. आणि मी काय लिहू तेही मला सुचत नाही.

मोना

•

मुलचेरा, २५ ऑगस्ट २०२४

सेवा जोहार,

तू नियम मोडलास तरी मी मोडणार नाही.

आधी माझं ऐक. चार लोकांसाठी लिहिते म्हणतेस, तर मग त्या ओळीत 'मंडळी' कशाला लिहिलंस? मंडळी म्हटलं की मंडळी येणारच. आणि खाल्लंस तर खाल्लंस म्हण, जीभ घसरली म्हण, गाव काही तुला झाडाला बांधणार नाही. मुखरूकाकाच कालच्या बाजारी येऊन दुकानात घुटमळले. अब्बांना म्हणाले, "टोपली नाई आली काय या खेपी?" अब्बा म्हणाले, नाही आली. तर काका म्हणाले, "मी काय लिवू नको थोडीच म्हणलो होतो तिले." आणि अर्धा तास उगाच बटणं बघत बसले. दोन घेतली, एकमेकांशी न जुळणारी.

आता तुझे बाबा. मी मुद्दाम येरमटोल्याला गेले. काका बांधावर होते. मी म्हटलं, काका, मोनानं विचारलंय, तुम्ही रागावलात का? तर हसले. खरंच हसले गं, मला वाटलं ऊन लागलं की काय. मग म्हणाले, "जोयाबाई, तू तं कॉम्पुटरवर पाहते. तिथल्या झाडाची पानं केवढी रायते?"

मी म्हटलं, पानं? कसली पानं?

"पांढऱ्या सालीच्या झाडाची. लहानच दिसते. पळसाएवढी नाई ना? एक पान पुरत नसन."

मी म्हटलं, मला नाही माहीत. तर म्हणाले, "तिले इचार. म्हणा बाबानं इचारलं." आणि पुन्हा धानातलं तण काढायला लागले. बाकी अक्षर नाही. तू एक अक्षर गाळू नको म्हणालीस म्हणून लिहिलं, अर्थ मला विचारू नकोस. मी पूजेचं विचारते आणि ते पानं विचारतात.

पंडुम बावीस सप्टेंबरला ठरला.

जोया

•

१ सप्टेंबर २०२४

सलाम जोया. दोन सलाम, मागची बाकी धरून.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचत होते. पानांच्या ओळीपाशी आले आणि शेगडी बंद केली. मग धावत वर गेले, त्या टोपलीतला फोटो उघडला आणि मोठा करून पाहिला.

तू पण बघ. बादलीचा फोटो आहे. बादलीच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, तळ्याकाठच्या पांढऱ्या झाडाच्या मुळाशी. मी सुद्धा पाहिलं नव्हतं. मला वाटत होतं मी फक्त बादली काढली.

आता खरं सांगते. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी खाल्लं नाही, जोया. एकही फळ खाल्लं नाही. एल्लीबाई ओंजळीनं खात होत्या, मलाही 'खा, खा' करत होत्या. मी एक तोडलं, तोंडापर्यंत नेलं आणि हात पुढे जाईना. बळेच नेला असता तर गेला असता, कुणी बघत नव्हतं. पण जाईना. दोन वर्षं दुकानातून आणलेलं सगळं खाल्लं, कधी मनात आलं नाही. पण हे मी स्वतः रानातून तोडलेलं पहिलं होतं.

मग मी पानं शोधली. पळस नाही, मोह नाही, तिथली पानं नखाएवढी. सात पानं जोडली, बारीक काड्यांनी टाचली आणि तळहातात मावेल एवढा द्रोण केला. लहानपणी बाबांनी मोहाखाली बसून शिकवला होता तसाच, टाका आतून घ्यायचा. त्यात पाच फळं ठेवली. पूजेत म्हणतात ते सगळं मला येत नाही. जेवढं आठवलं तेवढं म्हटलं, आपल्या डोंगरांची नावं घेतली आणि इथल्या देवाला सांगितलं की तुमचं नाव मला माहीत नाही, माफी असावी. आणि मग रडले. दुःख नव्हतं काही. घरची आठवण आली म्हणून रडले, आणि बरं वाटलं. एल्लीबाई डोक्यावरची टोपी काढून शेजारी उभ्या राहिल्या.

तरीही मी खाल्लं नाही. वाटलं, मी काही गायता नाही, माझं केलेलं चालतं की नाही कुणास ठाऊक. माझ्या वाट्याची फळं एल्लीबाईंच्या फ्रीजरमध्ये अजून डब्यात आहेत.

घरी येऊन लिहायला बसले आणि लाज वाटली. टोपली हसरी. त्यात ही द्रोण शिवून रडणारी मोनाली कुठे बसवू? परदेशात शिकलेली, धीट, फजिती झाली तरी हसणारी, अशी मी तिथे असते. म्हणून उलटं लिहिलं. लोक हसतील म्हणून. मुखरूकाकांना चिडवायला म्हणून. माझ्याच विनोदासाठी मी बाबांना गोत्यात आणलं. आणि चूक कळल्यावरही कबूल करायचं सोडून तुझ्यावर आणि गावावर डाफरले, ते वेगळंच. माफ कर.

बाबांना कोपऱ्यातला तो द्रोण दिसला होता. अक्षर येत नाही म्हणून ते फोटोच बघतात, आणि फोटोत मी खोटं बोलले नव्हते.

आज नवीन टोपली टाकली आहे. यात हसण्यासारखं फार नाही. घडलं ते जसंच्या तसं लिहिलं आहे आणि खाली 'मागच्या वेळी खोटं लिहिलं' असंही. तुझ्या अब्बांना सांग, येईल त्या बाजारी वाचा. आणि बाबांना माझं उत्तर सांग: नखाएवढी. सात लागली.

मोना

•

मुलचेरा, २३ सप्टेंबर २०२४

सेवा जोहार, सेवा जोहार मोना!

काल पंडुम झाला. म्हटलं होईपर्यंत लिहायचंच नाही, सगळं एकदम सांगू. आता एका दमात ऐक.

टोपली वाचली त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अब्बांनी नेहमीसारखं ठसक्यात सुरू केलं, पण द्रोणापाशी आले आणि चष्मा काढून पुसायला लागले. पुढचं मला वाचावं लागलं. 'खोटं लिहिलं' ही ओळ मी दोनदा वाचली, तू सांगितलं नव्हतंस तरी.

संपलं. मग मुखरूकाका म्हणाले, "म्हंजे पोट्टीनं खाल्लंच नाई?"

तुझे बाबा मागून उठून पुढे आले. सदऱ्याच्या खिशातून कागद काढला, जुलैचा, घड्यांवर फाटायला आलेला. कटिंगच्या टेबलावर पसरला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. माझ्या प्रिंटरला रंग नाही, शाई फिक्की, आम्हाला तिथे नुसता एक ठिपका दिसत होता. काका म्हणाले, "हा द्रोण हाय. टाका आतून हाय. पाहा."

मुखरूकाकांनी कागद उजेडात नेला. खूप वेळ पाहिलं. मग काय भडकले! "तुले पहिल्या दिवसापासून मालूम होतं? मंग बैठकीत काऊन नाई बोलला गा? मी इथी महिनाभर जेवलो नाई धड!"

काका म्हणाले, "चार लोकांत पोरीले खोटी पाडू काय मी? लिवणारी ते हाय. तिचं तिले सांगू देलं पायजे."

"अन् तिनं नसतं सांगतलं तं? पूजा गेली असती हातातून."

"गेली असती तं तुह्या हातात गेली असती. तू काय परका हाय?"

मोना, मुखरूकाकांनी यावर तोंड फिरवलं आणि नाक शिंकरलं. मासेवाल्यानं टाळी वाजवली. मी तुला मागे लिहिलं होतं की काकांना फार लागलंय, खाली मान घालून बसलेत. मी चुकीचं वाचलं गं. ते कागद जपत होते.

पण मुखरूकाका सोडतात थोडेच! म्हणाले, नियम मोडला नाही हे खरं, पण खोटं लिहून गावाला महिनाभर पिळलं त्याचा दंड बसलाच पाहिजे. सगळे हो म्हणाले, तुझे बाबा सर्वांत आधी. दंड असा: दर महिन्याला एक टोपली, चुकवायची नाही. "बंद करतो म्हणन तं डबल." मी लिहून घेतलंय, तारखेसह.

काल पूजा काकांनीच केली. मुखरूकाका शेजारी, सामान हातात देत. मला आणि अब्बांना बोलावलं होतं. काकांनी डोंगरांची, नद्यांची नावं घेतली, नव्या धानाच्या लोंब्या ठेवल्या, आणि मध्येच थांबून मागे वळून मला विचारलं, "मोनीच्या त्या तळ्याचं नाव काय वो बाई?" मी तीनदा सांगितलं, त्यांच्या जिभेवर बसेना. शेवटी म्हणाले, "जाऊ दे. तिथल्या रानात जे कोनी हाय, त्यायले बी." आणि एक लोंबी वेगळी ठेवली.

जेवणं झाल्यावर हात धुताना मला म्हणाले, "मोनीले सांग, पंडुम झाला. आता खाय म्हणा."

तर सांगितलं. खा.

तुझी जोया

•

२४ सप्टेंबर २०२४

सलाम जोया,

तुझं पत्र आज दुपारी वाचलं. खाली जाऊन एल्लीबाईंना म्हटलं, माझ्या बाबांनी परवानगी पाठवली आहे. त्यांनी काही न विचारता फ्रीजर उघडला, डबा काढला, टेबलावर बशा मांडल्या आणि पुन्हा टोपी आणायला गेल्या, डोक्यावर घालून मग काढायला.

मी खाल्लं. दोन महिने गाव हलवणारं ते फळ, जोया, आंबट निघालं! जांभळाची धाकटी बहीण नव्हे, चुलत-मावस काहीतरी. मी तोंड वाकडं केलं आणि एल्लीबाई एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग आम्ही दोघींनी साखर घालून डबा संपवला. इतकं छान मला इथे कधीच वाटलं नव्हतं.

दंड मंजूर. दंडाची पहिली टोपली आत्ताच टाकली आहे, मुखरूकाकांच्या दोन बटणांवर. त्यांना आधी सांगू नकोस. मासेवाल्यासाठीही शेवटी दोन ओळी आहेत, खारवलेल्या मासळीवर.

फोटो एकच. दोघींच्या निळ्या जिभा. अब्बांच्या दुकानात तो जरा मोठा छाप. त्यात कुठेतरी मी एक द्रोण ठेवला आहे, या वेळी मुद्दाम. बाबांना काही बोलू नकोस. कागद दे आणि बघत राहा, किती वेळात सापडतो ते मला कळव.

मोना